सफरचंदवाल्या न्यूटननं आयुष्यातली ३० वर्षं टांकसाळीत घालवली

टपरीवर चहा घेतला, क्यूआर कोड स्कॅन केला, दहा रुपये पाठवले. कोपऱ्यातला छोटा स्पीकर बोलला, चहावाल्यानं मान डोलावली. विषय संपला.

त्यानं ना नोट उजेडात धरून बघितली, ना नाणं वाजवून बघितलं. स्पीकर बोलला म्हणजे पैसे आले, एवढाच काय तो विश्वास. तुमचं-आमचं सगळं पेमेंट याच विश्वासावर चालतं.

आणि नेमका हाच विश्वास रोज कुणीतरी लुटतंय. पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवणारे आहेत. दुकानातल्या क्यूआर कोडवर स्वतःचा कोड चिकटवून जाणारे आहेत. एटीएमला स्किमर लावून कार्डाची नक्कल करणारे आहेत. केवायसी बंद पडेल म्हणून फोन करून ओटीपी काढून घेणारे तर घरोघरी पोचलेत.

आपल्याला वाटतं, ही सगळी मोबाईल आल्यानंतरची भानगड. पण तसं नाहीये. सव्वातीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये अख्ख्या देशाची पेमेंट सिस्टीम अशीच पोखरली गेली होती. ती सावरायला सरकारनं ज्या माणसाला बोलावलं, त्याचा फोटो तुमच्या शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात होता.

त्या माणसाचं नाव आयझॅक न्यूटन.

झाडावरून सफरचंद पडलं आणि गुरुत्वाकर्षण सापडलं, इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण तो पुढं जवळपास ३० वर्षं टांकसाळीत नोकरीला होता आणि बनावट नाणी पाडणाऱ्यांना शोधून फासापर्यंत पोचवत होता, हे कुणी सांगत नाही. म्हणून ही गोष्ट.

शेतीत मन न रमलेलं पोरगं

इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यात वूल्सथॉर्प नावाचं खेडं आहे. तिथं जुन्या कॅलेंडरप्रमाणं २५ डिसेंबर १६४२ ला न्यूटन जन्माला आला. बाप तो जन्मायच्या आधीच गेला होता. पोरगं तीन वर्षांचं असताना आईनं दुसरं लग्न केलं आणि याला आजीजवळ ठेवून ती निघून गेली. एकटेपणा, हट्टी स्वभाव आणि पटकन कुणावर विश्वास न ठेवण्याची सवय, हे सगळं तेव्हापासूनच त्याच्या वाट्याला आलं.

पुढं आई परत आली. घरची जमीन होती, पोरानं शेती करावी असं तिचं म्हणणं. तिनं त्याला शाळेतून काढलं. पण याचं लक्ष पुस्तकात, गुरं दुसऱ्याच्या रानात. शेवटी मामा आणि शाळेचे मुख्याध्यापक मध्ये पडले, तेव्हा कुठं तो परत शाळेत गेला आणि १६६१ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात पोचला.

तिथं श्रीमंत पोरांची कामं करून शिकायचं, अशा सवलतीवर त्याला प्रवेश होता. पण पैशाच्या बाबतीत गडी पहिल्यापासून पक्का. सोबतच्या पोरांना उसने पैसे द्यायचा आणि त्याचा हिशोब वहीत मांडून ठेवायचा.

१६६५ मध्ये प्लेगची साथ आली, कॉलेज बंद झालं, न्यूटन गावी गेला. तिथल्या दोनेक वर्षांत त्यानं प्रकाश, गणित आणि गुरुत्वाकर्षणावर जो विचार केला त्यावर पुढची विज्ञानाची इमारत उभी राहिली. १६६९ मध्ये तो केंब्रिजला गणिताचा प्राध्यापक झाला. १६८७ मध्ये त्याचा प्रिन्सिपिया हा ग्रंथ आला आणि तो युरोपभर गाजला.

या सगळ्या काळात त्याचा आणखी एक उद्योग चालू होता. किमया. म्हणजे एका धातूपासून दुसरा धातू बनवायची विद्या. खोलीशेजारी भट्टी लावून तो रात्र-रात्र धातू वितळवत बसायचा आणि त्यावर लाखो शब्द लिहायचा. सोनं काही बनलं नाही. पण धातूचा कस कसा बघायचा, मिश्रण कसं ओळखायचं, मुशीत काय काय होतं, हे त्याच्याइतकं बारकाईनं समजणारी माणसं देशात फार नव्हती.

हे ज्ञान कुठं कामाला येणार आहे, हे तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं.

देशाचा पैसा कडेनं खाल्ला जात होता

आता त्या वेळच्या इंग्लंडमधल्या पैशाकडं बघू.

तेव्हा पैसा म्हणजे चांदीचं नाणं. नाण्याची किंमत त्यातल्या चांदीत. १६६२ च्या आधी ही नाणी हातोड्यानं ठोकून पाडायचे. त्यामुळं एकही नाणं पुरतं गोल नसायचं आणि दोन नाणी एकसारखी नसायची.

लोकांनी यातली पळवाट बरोबर ओळखली. नाणं हातात आलं की कात्रीनं त्याची कड थोडीशी कातरायची आणि नाणं पुढं चालवायचं. मुळातच वेडंवाकडं असल्यानं समोरच्याला पत्ता लागत नाही. अशी शे-दोनशे नाणी कातरली की हातात चांदीचा चुरा जमा. तो वितळवायचा, त्यात तांबं मिसळायचं आणि त्यातूनच नवी खोटी नाणी पाडायची.

यावर उपाय म्हणून १६६२ पासून यंत्रानं नाणी पाडायला सुरुवात झाली. ती अगदी गोल असायची आणि त्यांच्या कडेवर रेघा किंवा अक्षरं कोरलेली असायची. मोठ्या नाण्यांच्या कडेवर ही कड शोभेचीही आहे आणि राखणीचीही, अशा अर्थाची लॅटिन अक्षरं होती. कड कातरली की अक्षरं जायची आणि चोरी उघडी पडायची.

इंटरनेटवर अनेक ठिकाणी ही कड न्यूटननं शोधून काढली असं वाचायला मिळतं. ते खरं नाही. न्यूटन टांकसाळीत यायच्या ३० वर्षं आधीपासून ती होती.

मग प्रश्न मिटायला हवा होता ना? नाही मिटला.

कारण सरकारनं नवी नाणी आणली, पण जुनी बंद केली नाहीत. दुकानात दोन्हीची किंमत सारखीच. मग माणूस काय करेल? कातरलेलं नाणं खर्च करेल आणि पूर्ण वजनाचं घरात ठेवेल. त्यात चांदीला इंग्लंडपेक्षा युरोपात जास्त भाव होता. म्हणून व्यापारी नवी नाणी वितळवून चांदी बाहेर पाठवायचे. चांगला पैसा गायब आणि वाईट पैसा बाजारात. यालाच अर्थशास्त्रात ग्रेशमचा नियम म्हणतात.

आपल्या कार्डांचंही असंच झालं होतं. कार्डामागची काळी चुंबकीय पट्टी म्हणजे हातोड्यानं ठोकलेलं नाणं. तिच्यातली माहिती दर वेळी तीच असते. एकदा कुणी ती उचलली की तशी दुसरी पट्टी तयार. चिप म्हणजे अक्षरं कोरलेली कड. ती प्रत्येक व्यवहाराला नवा कोड तयार करते, त्यामुळं जुना कोड चोरून उपयोग होत नाही. पण चिप आल्यावरही जोवर पट्टीवर काम भागत होतं, तोवर चोरांचा धंदा चालूच राहिला. जुनी पळवाट बुजवल्याशिवाय नव्या कुलपाचा फायदा होत नाही.

१६९५ मध्ये सरकारी तिजोरीत आलेली ५७,२०० पौंडांची जुनी नाणी तोलून बघितली. त्यांचं वजन २ लाख २० हजार औंसांच्या वर भरायला पाहिजे होतं. भरलं १ लाख १४ हजारांच्या आत. म्हणजे जवळपास निम्मी चांदी लोकांनी वाटेतच काढून घेतली होती. त्यात फ्रान्सशी युद्ध चालू. परदेशात सैन्याला अशा नाण्यांत पगार कसा देणार?

आरामाची नोकरी मिळाली, आणि आराम गेला

इकडं न्यूटनचं बरं चाललं नव्हतं. पन्नाशी गाठली होती. १६९३ मध्ये त्याला मानसिक आजाराचा मोठा झटका येऊन गेला होता. झोप नाही, जेवण नाही, जवळच्या मित्रांवर संशय. त्यातून तो सावरला, पण केंब्रिजमध्ये मन लागत नव्हतं.

त्याचा मित्र चार्ल्स माँटेग्यू तेव्हा इंग्लंडचा अर्थमंत्री होता. त्यानं मार्च १६९६ मध्ये न्यूटनला टांकसाळीचा वॉर्डन म्हणून नेमलं. वर्षाला ५०० ते ६०० पौंड मिळणार आणि काम फारसं नाही, असं त्या पदाबद्दल सगळे धरून चालायचे. आधीच्या लोकांनी पगार घेऊन फारसं काही केलंच नव्हतं.

न्यूटनला मात्र नुसतं बसून पगार घेणं जमण्यातलं नव्हतं.

टांकसाळ होती लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे किल्ल्यात. तो गेला तेव्हा सरकारनं देशातली सगळी जुनी नाणी परत घेऊन, वितळवून नवी पाडायचा निर्णय आधीच घेतला होता. ४ मे १६९६ नंतर कातरलेली नाणी करभरणीला चालणार नव्हती.

नोटाबंदी आठवली ना? तसंच झालं. जुना पैसा चालेना, नवा पुरेना. बाजारात चिल्लर नाही, मजुराला द्यायला पैसे नाहीत. माणसं उधारीवर आणि चिठ्ठ्यांवर दिवस काढू लागली.

न्यूटननं मग कारखान्यातल्या मुकादमासारखं काम सुरू केलं. पहाटेपासून रात्रीपर्यंत चालणारी यंत्रं, सुमारे ३०० कामगार, चक्क्या फिरवायला ५० घोडे. कुठल्या कामाला किती माणसं, किती वेळ, याचा त्यानं हिशोब मांडला. दाबयंत्र मिनिटाला ५० ते ५५ नाणी पाडू शकतं हे त्यानं मोजलं आणि बाकीची कामं त्या वेगाला जुळवली. उत्पादन आठवड्याला १ लाख पौंडांपर्यंत गेलं. नॉर्विच, यॉर्क, चेस्टर, ब्रिस्टल आणि एक्सेटर इथं तात्पुरत्या टांकसाळी उघडल्या. चेस्टरला धूमकेतूवाला एडमंड हॅली कामाला होता. तीनेक वर्षांत सुमारे ७० लाख पौंडांची नवी नाणी पाडून झाली.

पण या सगळ्याचा तोटा कुणाच्या खिशातून गेला?

ज्यांच्याकडं कर भरण्याइतकी रक्कम होती, त्यांनी जुनी नाणी दर्शनी किमतीला सरकारच्या गळ्यात मारली. सरकारनं तो खर्च भरून काढायला घरांच्या खिडक्यांवर कर बसवला. आणि ज्या गरिबाच्या हातात मुदतीनंतर चार कातरलेली नाणी उरली, त्याला फक्त चांदीच्या वजनाचे पैसे मिळाले. कातरणारा वेगळाच होता, पण भुर्दंड शेवटी ज्याच्या हातात नाणं उरलं त्याला.

हा प्रश्न लक्षात ठेवा. शेवटी परत येणार आहे.

नको असलेलं काम

वॉर्डनच्या कामात आणखी एक गोष्ट यायची. बनावट नाणी पाडणाऱ्यांना शोधणं, पुरावे गोळा करणं आणि कोर्टात खटला उभा करणं.

न्यूटनला हे अजिबात नको होतं. त्यानं १६९६ च्या उन्हाळ्यात सरकारला अर्ज करून, हे काम आपल्याकडून काढून घ्यावं अशी विनंती केली. त्याचं कारणही नीट होतं. गुन्हा सिद्ध झाला की माहिती देणाऱ्याला ४० पौंड बक्षीस मिळायचं. त्यामुळं बक्षिसासाठी खोट्या साक्षी द्यायचा धंदाच सुरू झाला होता आणि ज्युरीचा साक्षीदारांवरचा विश्वास उडाला होता. शिवाय शिक्षा साधी नव्हती. खोटं नाणं पाडणं हा राजद्रोह. पुरुषाला फाशी, बाईला जाळून मारायचे.

सरकारनं अर्ज फेटाळला. मग न्यूटननं ठरवलं, करायचंच तर नीट करायचं.

लंडनच्या आसपासच्या परगण्यांत तपास करता यावा म्हणून त्यानं मॅजिस्ट्रेटचे अधिकार घेतले. खबरे नेमले. बनावट नाणेवाल्यांच्या टोळीत नीट मिसळता यावं म्हणून एका खबऱ्याला नवे कपडे घ्यायला पैसे दिले. दारूचे गुत्ते, तुरुंग, घोडागाडी, सगळ्याचा खर्च हिशोबात मांडून सरकारकडं मागितला. जून १६९८ ते डिसेंबर १६९९ या दीड वर्षात त्यानं शंभराच्या वर जबान्या घेतल्या.

यातले बरेच कागद त्यानं पुढं जाळून टाकले असं त्याच्या भाचीच्या नवऱ्यानं नोंदवून ठेवलंय. तरी उरलेल्या जबान्या आजही ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कुणी साचे दिले, कुणी तांब्यावर चांदीचा मुलामा चढवला, कुणी बाजारात चालवले, अशी एकेक कडी त्यात जोडलेली दिसते.

आणि या कड्या जोडताना एक नाव परत परत समोर येत होतं.

विल्यम चॅलोनर

हा एका विणकराचा पोरगा. बर्मिंगहॅमला खिळे बनवणाऱ्याकडं कामाला राहिला आणि तिथंच खोटी नाणी पाडायला शिकला. मग लंडनला आला. तिथं त्यानं स्वस्तातली घड्याळं विकली, वैदू झाला, भविष्य सांगितलं, चोरीला गेलेला माल शोधून द्यायचा धंदा केला. १६९० च्या सुमारास तो सोन्याचा मुलामा द्यायला शिकला आणि मग फ्रेंच आणि इंग्लिश सोन्याची नाणी पाडायला लागला. बघता बघता अंगावर भारी कपडे आणि राहायला नाइट्सब्रिजला मोठं घर आलं.

पण चॅलोनरची खरी हुशारी नाणं पाडण्यात नव्हती. समोरच्याचा विश्वास कमावण्यात होती.

१६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड निघाली. १६९५ मध्ये तिनं १०० पौंडांच्या नोटा काढल्या आणि चॅलोनरनं त्यांची नक्कल केली. छापणारा सापडला, तसा हा लगेच माफीचा साक्षीदार झाला, बँकेला दुसऱ्यांच्या भानगडींची माहिती दिली आणि वर २०० पौंड बक्षीस खिशात घातलं. आपणच आग लावायची आणि आपणच पाण्याचा बंब घेऊन पुढं यायचं.

आज तुम्हाला बँकेच्या फ्रॉड विभागातून बोलतोय म्हणून फोन येतो, तुमच्या खात्यात गडबड झालीय, पैसे वाचवायचे असतील तर मी सांगतो ते करा, असं सांगितलं जातं. ही युक्ती चॅलोनरच्या काळातली आहे.

फेब्रुवारी १६९७ मध्ये तर त्यानं कहर केला. तो थेट पार्लमेंटच्या समितीसमोर गेला. टांकसाळीतले लोक अडाणी आणि भ्रष्ट आहेत, नक्कल करता येणार नाही अशी नाणी पाडायची पद्धत मला माहीत आहे, असं त्यानं पटवून दिलं. टांकसाळीतून ठसे चोरीला गेल्याचं प्रकरण आधीच गाजत होतं. त्यामुळं लोकांना ते खरं वाटलं. त्याला टांकसाळीत जाऊन प्रयोग करून दाखवायचे होते.

समितीनं न्यूटनला सांगितलं, याला सोय करून द्या.

न्यूटननं नाही म्हणून सांगितलं. नाण्याची कड कशी पाडतात ते बाहेरच्या कुणालाही दाखवायचं नाही, अशी टांकसाळीत शपथ घ्यावी लागायची. यंत्र पाहायला मिळालं की देशाच्या पैशाची किल्लीच चॅलोनरच्या हातात जाणार होती. न्यूटन जागचा हलला नाही.

विचार करा. खुद्द पार्लमेंटची समिती मागत होती तरी त्यानं गुपित दिलं नाही. आणि आपण कुठल्या अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनवर, समोरचा साहेबी आवाजात बोलतोय म्हणून, सहा आकडी ओटीपी वाचून दाखवतो.

न्यूटन पहिला डाव हरला

१६९७ च्या शेवटी न्यूटननं चॅलोनरला पकडून न्यूगेट तुरुंगात टाकलं. पण त्यानं मुख्य साक्षीदाराला पैसे चारून स्कॉटलंडला पळवून लावलं. साक्षीदार नाही तर खटला नाही. सातएक आठवड्यांत गडी बाहेर. वर त्यानं आपल्यावर अन्याय झाला म्हणून न्यूटनविरुद्ध पार्लमेंटकडं अर्जही केला. जगातल्या सगळ्यात हुशार माणसाला आता स्वतःच्याच वागण्याचा खुलासा करावा लागत होता.

न्यूटन यातून एक गोष्ट शिकला. एका साक्षीदारावर अख्खा खटला उभा करायचा नाही.

पुढचं वर्षभर त्यानं शांतपणे जाळं विणलं. चॅलोनरचे जुने भागीदार, त्यांच्या बायका, हत्यारं बनवून देणारे, सगळ्यांच्या जबान्या घेतल्या. दरम्यान चॅलोनरनं नवा उद्योग काढला. सरकारनं १६९७ मध्ये माल्ट लॉटरी काढली होती. तिची १० पौंडांची तिकिटं पैशासारखीच चालायची. त्यानं त्यांच्या नकलेसाठी तांब्याचा पत्रा कोरायला घेतला. त्याच प्रकरणात तो परत सापडला.

या वेळी न्यूटननं तुरुंगातच, त्याच्या शेजारी, आपली माणसं ठेवली. चॅलोनर त्यांच्याजवळ जे बोलायचा ते न्यूटनकडं पोचायचं. मार्च १६९९ मध्ये ओल्ड बेली कोर्टात खटला उभा राहिला, तेव्हा एकापाठोपाठ एक साक्षीदार आले आणि अनेक वर्षांच्या बनावट नाण्यांचा पाढा वाचून गेले. एक फुटला असता तरी बाकीचे होतेच. चॅलोनर दोषी ठरला.

त्यानं तुरुंगातून न्यूटनला गयावया करणारी पत्रं पाठवली. न्यूटननं उत्तर दिल्याचं कुठंही नोंदलेलं नाही. त्याच महिन्यात टायबर्नच्या चौकात चॅलोनरला फाशी झाली.

यात न्यूटनचा कठोरपणा दिसतो आणि तो झाकायचं कारण नाही. एका नाण्याच्या गुन्ह्याला जीव घेणारा तो कायदा होता, आणि न्यूटननं तो कुठंही हात आखडता न घेता राबवला.

तपासणारालाही तपासा

१६९९ संपता संपता न्यूटन टांकसाळीचा मास्टर, म्हणजे सर्वोच्च अधिकारी झाला. १७०३ मध्ये रॉयल सोसायटीचा अध्यक्ष, १७०५ मध्ये सर. पण टांकसाळ त्यानं सोडली नाही.

मास्टरवरही नजर ठेवणारी एक पद्धत होती. पाडलेल्या नाण्यांतली काही नाणी बाजूला काढून पेटीत बंद ठेवायची आणि मग सोनारांच्या ज्युरीनं त्यांचा कस तपासायचा. १७१० मध्ये ज्युरीनं न्यूटनच्या सोन्याच्या नाण्यांचा कस कमी आहे असा निकाल दिला. म्हणजे थेट त्याच्या इमानदारीवर बोट.

न्यूटन भडकला, पण त्यानं उत्तर कसोटीनं दिलं. तुलनेसाठी वापरलेली १७०७ सालची नमुन्याची पट्टीच ठरलेल्या कसापेक्षा जास्त शुद्ध होती, हे त्यानं दाखवून दिलं. नाणी बरोबर होती, मापच चुकलं होतं.

१७१७ मध्ये त्यानं सोन्या-चांदीच्या भावावर अहवाल दिला. त्यात आपल्याकडचाही उल्लेख आहे. इंग्लंडमध्ये सोन्याला चांदीच्या मानानं साडेपंधरापट भाव होता. भारतात तो साधारण बारापट. म्हणजे आपल्याकडं चांदीला जास्त किंमत. त्यामुळं ईस्ट इंडिया कंपनी जहाजं भरून चांदी इकडं आणायची आणि सुरत, मुंबईसारख्या बंदरांतून कापड घेऊन जायची. त्या अहवालानंतर गिनी हे सोन्याचं नाणं २१ शिलिंगांना बांधलं गेलं आणि इंग्लंड हळूहळू सोन्याच्या चलनाकडं वळलं.

तसं पैसा पारखायचं काम आपल्याकडंही जुनंच. सरकारी खजिन्यात आलेलं नाणं पारखणारा तो पोतदार, हे आडनाव त्यातूनच आलं. झिजलेल्या नाण्यावर सराफ जी कपात करायचा तिला बट्टा म्हणायचे. नावाला बट्टा लागला असं आपण आजही म्हणतो, आणि चांगल्या माणसाला खणखणीत नाणं म्हणतो, कारण खरं नाणं दगडावर टाकलं की खणखणीत वाजायचं.

पारखी माणूसही फसला

आता शेवटची गंमत. १७२० मध्ये लंडनमध्ये साऊथ सी कंपनीच्या शेअरचं वेड पसरलं. न्यूटननं आधी शेअर घेतले, चांगल्या नफ्यात विकले आणि बाहेर पडला. पण भाव वाढतच राहिला, ओळखीपाळखीचे श्रीमंत होत राहिले. त्याला राहवलं नाही. तो वरच्या भावात परत आत शिरला आणि बाजार कोसळला. त्यात त्यानं २० हजार पौंडांपर्यंत गमावले असं सांगितलं जातं. नंतर या कंपनीचं नाव समोर काढलेलं त्याला खपायचं नाही.

नाण्याच्या कडेवरून खोटं ओळखणारा माणूस हाव सुटल्यावर तुमच्या-आमच्यासारखाच फसला. म्हणून फसलेल्या माणसाला मूर्ख म्हणायच्या आधी न्यूटन आठवावा.

जुन्या कॅलेंडरप्रमाणं २० मार्च १७२७ ला, वयाच्या ८४ व्या वर्षी न्यूटन गेला. तेव्हाही तो टांकसाळीचा मास्टरच होता. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याची समाधी आहे. तिच्यावर कोरलेल्या बालकांच्या हातात दुर्बीण आहे, लोलक आहे आणि टांकसाळीची आठवण म्हणून भट्टी आणि नाणीही आहेत.

मग आपल्या फोनमधल्या पैशाचं काय?

न्यूटनच्या काळातला तो प्रश्न आठवा. फसवणुकीचा तोटा कुणाच्या खिशातून जातो?

तेव्हा ज्याच्या हातात नाणं, त्याच्या. आज कायदा थोडा आपल्या बाजूचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार, चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुणीतरी कार्डावर किंवा खात्यावर डल्ला मारला, आणि तुम्ही बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर तोटा तुमच्या माथी येत नाही. २०१९ पासून मोबाईल वॉलेटलाही असेच नियम लागू झाले. उशीर केला तर तुमचा वाटा वाढत जातो. आणि पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं.

यंत्रणेनंही कडा कोरल्यात. ऑनलाईन कार्ड वापरताना दुसरी खातरजमा २००९ पासून बंधनकारक झाली. ऑक्टोबर २०२२ पासून शॉपिंग साईटना तुमचा कार्ड नंबर साठवता येत नाही. त्याऐवजी टोकन नावाचा बदली नंबर ठेवला जातो, जो चोरला तरी दुसरीकडं चालत नाही.

म्हणून आजचे चॅलोनर यंत्राच्या नादी फारसे लागत नाहीत. ते थेट तुम्हाला फोन करतात.

तेव्हा एवढं करा. यूपीआयचा पिन पैसे पाठवताना लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. पैसे मिळवण्यासाठी कुणी पिन टाकायला लावला, की समजून जा. दुकान तुमचं असेल तर समोरच्याच्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका, आपल्या खात्यात बघा. आणि फसलातच तर लाजेनं गप्प बसू नका. लगेच १९३० ला फोन लावा आणि बँकेला कळवा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळवायला चोराला काही मिनिटं पुरतात. तो पुढं जायच्या आत अडवला तरच हाती लागतो.

खिशात एखादं नाणं असेल तर बाहेर काढून त्याच्या कडेवरून बोट फिरवा. बऱ्याच नाण्यांवर बारीक रेघा लागतील. आता कुणी चांदी कातरत नाही, नाण्यात चांदीच नाही. पण त्या रेघा कशासाठी आल्या होत्या, हे आता तुम्हाला माहीत आहे.